‘फोकस ऑन’ लिहिलंत, पण करणार काय?

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये ‘दिस स्टडी फोकसेस ऑन’ सात वेळा आलं होतं. गाइडनी सातही ठिकाणी पेन्सिलने गोल केले आणि विचारलं, “म्हणजे नेमकं काय करणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला.

आधी व्याकरण बघू. ‘फोकस’ला ‘ऑन’ लागतं, ‘पे अटेन्शन’ला ‘टू’. इथे मराठी मदतीला येते: एखाद्या गोष्टी‘वर’ लक्ष केंद्रित करतो, एखाद्या गोष्टी‘कडे’ लक्ष देतो. पण हीच मराठी पुढे फसवते. आपण मुद्द्या‘वर’ भर देतो, म्हणून ‘एम्फसाइज ऑन’ लिहून बसतो. ते चूक. ‘एम्फसाइज’ हे क्रियापद थेट कर्म घेतं. ‘ऑन’ लागतं ते ‘एम्फसिस’ या नामाला.

खरी तक्रार मात्र वेगळी आहे. माझं वाक्य होतं, ‘दिस स्टडी फोकसेस ऑन सॉइल सॅलिनिटी इन माळशिरस तालुका.’ व्याकरण चोख, पण त्यात नीरा उजव्या कालव्याचं पाणी, ऊस, निचरा न होणारी काळी जमीन असं सगळंच मावतं. मोजणार काय, कुठं, कधी, याचा पत्ता नाही.

दुसऱ्या खर्ड्यात मी लिहिलं: कालव्यालगतच्या आणि कालव्यापासून लांबच्या उसाच्या रानांतल्या वरच्या ३० सेंमी मातीची विद्युत वाहकता पावसाळ्याआधी व नंतर मोजून तुलना करणार. ‘फोकस’ गेला, ‘मेझर’ आणि ‘कम्पेअर’ आले. आता कामाचे दिवसही मोजता येत होते आणि खर्चही.

लॅटिनमध्ये ‘फोकस’ म्हणजे चूल. केपलरने १६०४ मध्ये हा शब्द प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात वापरला. लहानपणी भिंगाने कागद जाळलाय ना? उजेड एका ठिपक्यात गोळा झाला, तरच धूर निघतो.

म्हणून हा शब्द टाकून देऊ नका, जपून वापरा. ‘क्षारतेची कारणं अनेक आहेत, इथे फक्त निचऱ्याचा विचार केला आहे’, अशा ठिकाणी तो शोभतो, कारण काय सोडलं तेही कळतं.

आज आपला खर्डा उघडा. प्रत्येक ‘फोकस’ खोडून तिथे हाताने करायच्या कामाचं क्रियापद लिहून बघा. सुचलं नाही, तर अडचण इंग्रजीची नाही. प्रश्नच अजून ठरलेला नाही.