साठा एकूण किती, उपयुक्त किती?

पावसाळ्यात कोल्हापूरचा वाचक वर्तमानपत्रात दोन आकडे आधी शोधतो : राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी आणि राधानगरीचा पाणीसाठा. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेल्या या धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी, म्हणजे सुमारे २३७ दशलक्ष घनमीटर, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण हिशेब एवढ्यावर थांबत नाही. एकूण साठा, उपयुक्त साठा आणि मृत साठा अशी त्याची फोड केली जाते. पाणी सोडण्याच्या दाराखाली उरणारे पाणी धरणात असते खरे, पण ते उसाला मिळत नाही.

ही फोड संगणकाच्या शालेय पुस्तकांतून मात्र बेपत्ता आहे. ‘साठवण क्षमता’ या धड्यात सहसा एक तक्ता असतो : १०२४ बाइट म्हणजे १ किलोबाइट, १०२४ किलोबाइट म्हणजे १ मेगाबाइट, आणि असेच पुढे टेराबाइटपर्यंत. पाठ करा, गुण मिळवा. या तक्त्याविषयी माझ्या तक्रारी दोन आहेत. तो अर्धाच खरा आहे. आणि विचार करण्याजोगे गणित जेथे सुरू होते नेमका तेथे तो संपतो.

एका शाळेत नववीच्या मुलीने ‘१ टेराबाइट म्हणजे १००० गिगाबाइट’ असे लिहिले. घरी आणलेल्या हार्ड डिस्कच्या खोक्यावर तिने तसे वाचले होते. उत्तरावर फुली बसली. वास्तविक खोके बरोबर होते आणि मुलगीही बरोबर होती. किलो म्हणजे हजार, मग ते किलोग्रॅममध्ये असो वा किलोमीटरमध्ये. १०२४ आला तो संगणकाच्या स्मृतीतून. स्मृतीच्या चिपमधील जागा पत्त्याच्या तारांनी निवडतात. प्रत्येक तारेच्या अवस्था दोन, म्हणून १० तारांनी २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ जागा निवडता येतात. हजाराच्या इतके जवळ आल्यामुळे त्यालाच सवयीने किलो म्हणू लागले. डिस्कवर असे कोणतेही बंधन नसते. हा घोळ मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये किबी, मेबी, गिबी ही वेगळी उपपदे ठरवून दिली. त्यांच्याच पंक्तीत पुढे टेबी येतो. पुस्तकांपर्यंत ती फारशी पोहोचलेली नाहीत.

किलोच्या पायरीवर फरक २.४ टक्क्यांचा असतो, तो टेराच्या पायरीवर जवळजवळ १० टक्के होतो. म्हणून १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ गिगाबाइट दिसते आणि दुकानदाराने फसवले असे घरी ठरते. धान्य तेवढेच असते, पायली बदललेली असते. (जुन्या फ्लॉपीचे उदाहरण याहून गमतीचे आहे. दोन बाजू, प्रत्येकीवर ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात १८ खंड आणि खंडात ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६०. याला ‘१.४४ मेगाबाइट’ म्हणत असत. हा आकडा दशलक्षाच्या हिशेबाने बसत नाही आणि १०२४ च्या हिशेबानेही नाही. १००० आणि १०२४ यांचा गुणाकार करून भागले, तरच तो मिळतो. वर्गात करून पाहावे.)

दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची. सहकारी बँक, साखर कारखाना किंवा विद्यापीठ यांची माहिती एका डिस्कवर राहत नाही. अनेक डिस्क एकत्र बांधलेल्या यंत्रणेत राहते. समजा, अशा एका यंत्रणेत प्रत्येकी ८ टेराबाइटच्या १२ डिस्क आहेत. दरपत्रकात ९६ टेराबाइट असे लिहिलेले असेल. पण एक डिस्क राखीव ठेवतात, चालू डिस्क बिघडली की तिची जागा घ्यायला. उरल्या ११. कोणत्याही दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी माहिती वाचावी म्हणून दोन डिस्कइतकी जागा ताळ्याच्या आकड्यांना जाते. उरल्या ९, म्हणजे ७२ टेराबाइट. तेच टेबीबाइटमध्ये मोजले तर सुमारे ६५.५. यंत्रणा तुडुंब भरली की मंदावते, म्हणून दहावा हिस्सा मोकळा ठेवला तर राहिले सुमारे ५९. ज्याने ९६ वाचून पाच वर्षांची तरतूद केली, त्याची तरतूद तीन वर्षांतच संपायची.

ताळ्याच्या आकड्यांची ही युक्ती आठवीच्या मुलाला कळू शकते. तीन डिस्कवर ७, ४, ९ हे आकडे आहेत. चौथीवर बेरीज लिहू : २०. एक आकडा पुसला गेला तर वजाबाकीने परत मिळतो. दोन पुसले गेले तर? बेरजेचे एकच समीकरण पुरत नाही. म्हणून पाचव्या डिस्कवर पहिल्याची एकपट, दुसऱ्याची दुप्पट आणि तिसऱ्याची तिप्पट यांची बेरीज लिहू : ७ + ८ + २७ = ४२. आता ४ आणि ९ दोन्ही गेले तरी दोन अज्ञात आणि दोन समीकरणे हाती आहेत. यंत्रात बेरीज वेगळ्या पद्धतीची असते, तत्त्व हेच. अशा जुळणीला ‘रेड’ हे नाव बर्कलीच्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८७ मध्ये दिले. एकसामयिक समीकरणे कशासाठी शिकायची, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला इतके जवळचे उत्तर क्वचितच सापडेल, आणि पुस्तके ते वाया घालवतात.

धरणाची उपमा येथे अपुरी पडते, हेही सांगायला हवे. मृत साठ्यात शेवटी गाळ भरतो. ताळ्याची जागा मृत नसते; रोज प्रत्येक नोंदीबरोबर ती बदलते आणि डिस्क बिघडलेल्या दिवशी तिच्यावरच सगळी मदार असते. तिला ‘वाया गेलेली जागा’ म्हणणारे लेखन मला मान्य नाही.

खरी शंका घ्यावी ती उलट्या दिशेने फुगवलेल्या आकड्याची. काही माहितीपत्रकांत ‘परिणामी क्षमता’ म्हणून प्रत्यक्षाच्या तिप्पट-चौपट संख्या छापलेली असते. सारख्या नोंदी एकदाच ठेवून आणि उरलेल्या आकुंचित करून एवढे मावेल, असा तो दावा असतो. साच्यातल्या अर्जांच्या बाबतीत तो बराचसा खरा ठरेल. छायाचित्रे आणि चित्रफिती आधीच आकुंचित केलेल्या असतात. त्या आणखी फारशा दबत नाहीत. म्हणजे हा आकडा यंत्राचा गुण नसून तुमच्या माहितीचा आहे, आणि तुमची माहिती तर त्या छापणाऱ्याने पाहिलेलीच नसते.

तक्ता पाठ करून घेण्याऐवजी परीक्षेत असा प्रश्न घालता येईल : प्रत्येकी ४ टेराबाइटच्या ६ डिस्क, राखीव एकही नाही, दोन डिस्कइतकी जागा ताळ्यासाठी, उपयुक्त साठा दोन्ही मापांत काढा. १६ टेराबाइट आणि सुमारे १४.५५ टेबीबाइट अशी उत्तरे आली पाहिजेत. पहिलेच उत्तर लिहून माप स्पष्ट सांगणाऱ्यालाही निम्मे गुण द्यावेत.