सरत्या वर्षातील दोन ग्रंथ

सरत्या वर्षी वाचलेल्या ग्रंथांपैकी दोन मनात घर करून राहिले. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीच्या परिचित चालीत शुभवर्तमान सांगते. परंतु त्याचा विस्तार व जुनी भाषा आजच्या वाचकाची कसोटी पाहतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ थेट अंतःकरणाशी बोलतात. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांतील वियोग, संताप व सोवळ्याओवळ्याशी झालेला झगडा त्यांनी काहीही न झाकता, विनोदबुद्धी न सोडता सांगितला आहे. आपण उपदेशक मात्र परिवर्तनाची साक्ष देताना नेमकी ही मधली वर्षेच गाळतो. आणि आपल्या श्रोत्यांपैकी कित्येक जण त्याच वर्षांत जगत असतात. म्हणून पाळकांनी व धर्मशिक्षकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा.