प्रति मोल की प्रति किलो?

'सूर्यप्रकाशाने चार्ज होणारा रेणू' म्हटलं की आपण लगेच भारावतो. मीही भारावले होते. म्हणून आज असाच एक पेपर जरा चिकित्सेने वाचूया.

2010 साली एमआयटीच्या जेफ्री ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी फुल्व्हालीन-डायरुथेनियम संयुगावरचं काम प्रसिद्ध केलं. प्रकाश पडला की यातला रुथेनियम-रुथेनियम बंध तुटतो, दोन कड्यांना जोडणारा कार्बन-कार्बन बंधही तुटतो आणि जास्त ऊर्जेचा समघटक तयार होतो. तो खोलीच्या तापमानाला टिकतो. तापवला की मूळ रूपात येऊन उष्णता सोडतो. ही परतीची वाट एका उडीत नाही, मधल्या टप्प्यावरून जाते, हे गणनेने दाखवणं ही पेपरची खरी कमाई.

पण साठवण किती? मोलमागे साधारण 84 किलोज्यूल. आता रेणुभाराने, म्हणजे 442 ने, भागा. किलोमागे सुमारे 190 किलोज्यूल. एक किलो पाणी 45 अंशांनी तापवण्याइतकीच! नॉरबॉर्नाडाइनचा मोलमागचा आकडा जवळपास तेवढाच, पण रेणुभार 92, म्हणून किलोमागे साधारण पाचपट. त्यात रुथेनियम महाग, आणि रेणूच्या वजनात त्याचा वाटा सुमारे 46 टक्के.

मग पेपर वाया गेला? अजिबात नाही. तापवलेलं पाणी रात्रीत निवतं, हा समघटक निवत नाही. साधं नॉरबॉर्नाडाइन तर सूर्यप्रकाश जवळजवळ शोषतच नाही. आणि परतीची वाट कळल्याशिवाय स्वस्त पर्याय शोधायचा तरी कसा?

हा पेपर यंत्रणेसाठी वाचा, बॅटरी म्हणून नको. आणि ऊर्जेचा आकडा दिसला की आधी विचारा: कशामागे?