चॅट्सवर्थची पागा : वास्तुजतन आणि श्रमाची स्मृती

प्रस्तावना

इंग्लंडमधील सरदारी वाड्यांचा अभ्यास दीर्घकाळ दिवाणखाने, चित्रसंग्रह आणि उद्याने यांभोवतीच फिरत राहिला. मार्क जिरुआर्ड यांच्या ‘लाइफ इन द इंग्लिश कंट्री हाऊस’ (१९७८) या ग्रंथाने वाड्याकडे तेथील जीवनव्यवस्थेच्या अंगाने पाहण्याची दृष्टी दिली. जाइल्स वर्स्ली यांच्या ‘द ब्रिटिश स्टेबल’ (२००४) या ग्रंथामुळे पागेला स्वतंत्र वास्तुप्रकार म्हणून मान्यता मिळाली. या पार्श्वभूमीवर डर्बीशायरमधील चॅट्सवर्थ येथील पागेच्या जतनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वास्तूचे स्वरूप

चौथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्यासाठी जेम्स पेन याने ही पागा रचली. वाड्याच्या ईशान्येस चढावर उभी असलेली ही दुमजली चौसोपी इमारत सुमारे १९० फूट लांब-रुंद आहे. प्रवेशद्वाराशी डोरिक शैलीचे चार स्तंभ, वर घराण्याचे भव्य राजचिन्ह आणि घड्याळाचा मनोरा आहे. हरिणांच्या पूर्णाकृती शिल्पांना खरी शिंगे बसविली आहेत. आत मात्र ८० घोड्यांचे ठाण, लोहारशाळा, वरच्या मजल्यावर दाण्याची कोठारे आणि मोतद्दारांच्या खोल्या होत्या. म्हणजेच दर्शनी भाग प्रतिष्ठेचा आणि अंतर्भाग अखंड श्रमाचा, अशी या वास्तूची दुहेरी रचना दिसते.

जतनाची चिकित्सा

१९३९ मध्ये शेवटचे घोडे येथून गेले. त्यानंतर इमारत कोठार व मोटारखाना म्हणून वापरात आली. १९७९ मध्ये घोड्यांच्या काही ठाणांत उपाहारगृह सुरू झाले. सहाव्या ड्यूकने मागील बाजूस बांधलेल्या गाडीखान्यात १९९१ मध्ये २५० आसनांचे भोजनगृह उघडले. या व्यावसायिक वापराला सरसकट दोष देणे योग्य ठरणार नाही. वापराविना पडून राहिलेली वास्तू ढासळते, आणि येथील वापराने ती टिकविली, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि, टिकले काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. डचेस डेबोरा यांच्या नोंदीनुसार वरच्या मजल्यावरील एका दारावर ‘तिसरा पोस्टिलियन’, म्हणजे गाडीला जुंपलेल्या घोड्यावर बसून ती हाकणारा तिसरा स्वार, अशी अक्षरे आहेत. दारावर व्यक्तीचे नाव नसून पदाचा अनुक्रम आहे. राजचिन्हाइतकाच हा ऐतिहासिक पुरावा मोलाचा होय. परंतु खाली चहापान करणाऱ्या पर्यटकाच्या नजरेस राजचिन्हच पडते.

याच परगण्यातील कॅल्क ॲबी १९८५ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आली. तेथे पडझड थांबवावी, पण नवी झळाळी देऊ नये, असे धोरण स्वीकारले गेले. त्यामुळे ऱ्हासाच्या खुणा वाचनीय राहिल्या. मात्र तेथे इतिहास गोठतो, हा आक्षेपही दुर्लक्षिता येत नाही. उलट चॅट्सवर्थमध्ये मोतद्दारांच्या खोल्यांची निवासस्थाने झाली, आणि तेथे संस्थानाचे कर्मचारी, निवृत्त सेवक व त्यांची कुटुंबे राहतात. श्रमिकांच्या वास्तव्याचे हे सातत्य पागेच्या जतनातील सर्वांत अर्थपूर्ण, पण सर्वांत कमी चर्चिलेले अंग आहे.

निष्कर्ष

वास्तुजतनाचे मूल्यमापन दगड, स्तंभ आणि उत्पन्न यांवरच थांबू नये. ज्यांच्या श्रमावर वास्तू चालली, त्यांची जागा अभ्यागताला ओळखता येते का, हाही निकष हवा. या निकषावर चॅट्सवर्थची पागा वास्तू म्हणून यशस्वी ठरते, परंतु स्मृतिस्थळ म्हणून तिचे कार्य अद्याप अपूर्ण आहे.