शिहाओची म्हातारी आणि सवलतीतला कवी

चिनी कवी दु फू (७१२–७७०) याच्या शिहाओ गावच्या अंमलदारावरील कवितेची वाखाणणी बहुधा तिच्यातील कारुण्यासाठी होते. मला मात्र ती आधी एका तोंडी अर्जाची कविता वाटते.

७५५ मध्ये आन लु-शानचे बंड उठले. ७५९ च्या वसंतात बादशाही फौज ये नगरापाशी उधळली गेली आणि गावोगाव माणसे धरून नेणे सुरू झाले. त्या दिवसांत कवी शिहाओला एका घरी मुक्कामाला आहे. रात्री अंमलदार येतो. म्हातारा भिंतीवरून पसार होतो, म्हातारी सामोरी जाते आणि आपली बाजू मांडू लागते. तिघे मुलगे लढाईवर. त्यांतले दोघे नुकतेच पडले. घरात अंगावर पिणारा नातू, आणि बाहेर पडायला धड वस्त्र नसलेली सून. बाकी कोणी नाही, असे ती सांगते. तेवढे खोटे आहे! शेवटी, छावणीत रांधायला मीच येते, म्हणून ती निघते.

गंमत अशी, की तिचा मुद्दा कायद्याला परका नव्हता. ६५३ च्या तांग संहितेत शिपाई निवडताना ताकद सारखी असेल तर सधन घरचा, तीही बाब सारखी असेल तर अधिक कर्ते पुरुष असलेल्या घरचा माणूस आधी घ्यावा, असे होते. निवडीत पक्षपात करणाऱ्याला फटक्यांची शिक्षाही होती. अर्ज कोणत्या भाषेत करावा, हा प्रश्न आपल्या सीमाभागाला नवा नाही. शिहाओत तो ऐकून घेणारेच कोणी नव्हते.

आणि कवी? आपल्याला कर नाही, भरतीच्या यादीत आपले नाव नाही, हे त्याने ७५५ च्या एका दीर्घ कवितेत स्वतःच नोंदवले आहे; त्याच कवितेत त्याचे तान्हे मूल उपासमारीने गेल्याचेही आहे. शिहाओत तो चकार शब्द बोलत नाही. याला तटस्थता म्हणण्याची रीत आहे. मला ती सवलत मिळालेल्या माणसाची अवघडलेली चूप वाटते. शिनआनच्या कवितेत तो बोलतो, पोरे गमावणाऱ्यांना सेनापतीच्या मायाळूपणाचा दिलासा देतो, आणि तिथेच ती कविता सैल पडते.

इथे अंमलदाराचे प्रश्नही त्याने गाळले आहेत. उरतात फक्त म्हातारीची उत्तरे, आणि ती ऐकत अंमलदाराच्या जागी उभा राहतो वाचक. रात्र सरते. पहाटे कवी निरोप घेतो तो एकट्या म्हाताऱ्याचा. तो घरी कधी परतला, हे कविता सांगत नाही.