परिचर्या-सुधारणेच्या शिफारशी : शिक्षण, व्यवहार व नेतृत्व यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय आरोग्यव्यवस्थेचा इतिहास हा बऱ्याच अंशी समित्यांच्या अहवालांचा इतिहास आहे. भोर समिती (१९४६), शेट्टी समिती (१९५४), मुदलियार समिती, कर्तारसिंग समिती (१९७३) आणि श्रीमती सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील परिचर्याविषयक उच्चाधिकार समिती (१९८७-८९) अशी ही परंपरा सांगता येते. परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत या समित्या 'समिती, वर्ष, शिफारशी' अशा कोष्टकरूपाने येतात आणि विद्यार्थिनी त्या परीक्षेसाठी पाठ करतात. कोणती शिफारस अमलात आली, कोणती कागदावर राहिली आणि असे का झाले, हे प्रश्न मात्र त्या कोष्टकात नसतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार शिक्षण, व्यवहार व नेतृत्व या तीन अंगांनी केला आहे. प्रस्तुत लेखक परिचर्येच्या क्षेत्रातील नाही. सामाजिक शास्त्रांचा अध्यापक या नात्याने अहवालांचे वाचन करणे एवढीच या विवेचनाची मर्यादा आहे.

शिफारशीची भाषा

शिफारशीचे वाक्य बहुधा विध्यर्थी असते. 'परिचारिकांची संख्या वाढवावी', 'निवासाची सोय करावी', 'परिचर्येतर कामे त्यांच्याकडे देऊ नयेत' ही या वाक्यांची सर्वसाधारण धाटणी होय. अशा वाक्यात कर्ता बहुधा अध्याहृत असतो. म्हणून कोणतीही शिफारस वाचताना तिला तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : हे कोणी करावयाचे, केव्हापर्यंत करावयाचे आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा? ज्या शिफारशीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडतात तिला पुढे आयुष्य लाभते. ज्या शिफारशीत ती सापडत नाहीत ती पुढील समितीच्या अहवालात नव्या शब्दांत पुन्हा अवतरते.

शिक्षणविषयक शिफारशी

सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे. त्यांच्या समितीची नेमणूक १९४३ मध्ये झाली. त्या वेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकसंख्येमागे एक. १९७१ पर्यंत ७,४०,००० परिचारिका, म्हणजे ५०० लोकांमागे एक, असे उद्दिष्ट समितीने ठेवले. त्याचबरोबर कनिष्ठ व वरिष्ठ अशा दोन स्तरांच्या प्रशिक्षणाची आणि पदवी शिक्षणाची शिफारस केली. अहवालाच्याच वर्षी, १९४६ मध्ये, दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. दिल्लीत १९५९ मध्ये पदव्युत्तर व १९८६ मध्ये एम.फिल. अभ्यासक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात १९९८ मध्ये नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर परिचर्या महाविद्यालये एका विद्यापीठाच्या छत्राखाली आली.

शिक्षणविषयक शिफारशींना असे यश का मिळाले? एक कारण असे की येथे कर्ता निश्चित होता. अभ्यासक्रम ठरविणारी परिषद होती, परीक्षा घेणारे मंडळ वा विद्यापीठ होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पदवीचा खर्च पुढे मोठ्या प्रमाणावर विद्यार्थिनीच्या कुटुंबाने उचलला. खाजगी महाविद्यालयांच्या वाढीनंतर शासनाला फारशी तोशीस न पडता ही शिफारस अमलात येऊ शकली. जी शिफारस शासनाच्या तिजोरीवर भार टाकत नाही आणि कोणाच्याही अधिकाराला धक्का लावत नाही, ती लवकर स्वीकारली जाते, असे यावरून म्हणता येईल.

व्यवहारविषयक शिफारशी

याउलट प्रत्यक्ष कामासंबंधीच्या शिफारशींची स्थिती दिसते. अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे एक व सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा परिचर्या परिषदेचा निकष आहे. परिचारिकेवर परिचर्येतर कामांचा बोजा असू नये, असे उच्चाधिकार समितीनेही सुचविले होते. काही वर्षांपूर्वी आईच्या शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णालयात प्रस्तुत लेखकाने चार रात्री काढल्या. चाळीसहून अधिक खाटांच्या त्या कक्षात रात्रपाळीला दोन परिचारिका होत्या. त्यांपैकी एक बी.एस्सी. पदवीधर होती आणि तिचा बराचसा वेळ केसपेपर, साठा नोंदवही व औषधांची मागणीपत्रे लिहिण्यात जात होता. सलाइन संपले की नातेवाईकच 'सिस्टर' अशी हाक मारीत. चार वर्षांच्या पदवीत शिकलेले रुग्ण-निरीक्षण करावयास तिला उसंत नव्हती. एका अनुभवावरून सार्वत्रिक निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. तथापि निकष आणि कक्ष यांमधील अंतर त्यातून स्पष्ट होते.

वेतनाचा प्रश्न याहून बोलका आहे. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशानुसार केंद्राने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासंबंधी समिती नेमली. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन, १०० ते २०० खाटांसाठी त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयात किमान २०,००० रुपये, अशा तिच्या शिफारशी होत्या. येथे आकडे स्पष्ट होते. अंमलबजावणी मात्र राज्यांवर सोपविली गेली. केरळमध्ये २०१७ साली परिचारिकांनी मोठे आंदोलन केले आणि एप्रिल २०१८ मध्ये तेथील शासनाने किमान वेतनाची अधिसूचना काढली. म्हणजे ही शिफारस नियमात रूपांतरित झाली ती संघटित मागणीमुळे. अहवालाचे शब्द सर्व राज्यांसाठी सारखेच होते. त्यांचा हक्क म्हणून उच्चार करणारा समूह केरळमध्ये होता.

महाराष्ट्रात मे २०२२ मध्ये शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरोधात संप केला. कायम पदे भरण्याविषयी अहवालात कितीही लिहिले तरी अंदाजपत्रकात त्यांची तरतूद नसेल तर त्या लिखाणाला व्यवहारात अर्थ उरत नाही, हेच या संपाने दाखविले.

नेतृत्वविषयक शिफारशी

नेतृत्वाच्या बाबतीत प्रश्न पैशाचा कमी आणि अधिकाराचा अधिक आहे. स्वातंत्र्यानंतर श्रीमती टी. के. आद्रनवाला यांनी १९४८ पासून केंद्र शासनाच्या परिचर्या सल्लागार म्हणून दीर्घकाळ काम केले. परंतु 'सल्लागार' या पदनामातच त्या पदाची मर्यादा सूचित होते. सल्ला देता येतो, निर्णय घेता येत नाही. उच्चाधिकार समितीने राज्य पातळीवर परिचर्येची स्वतंत्र प्रशासकीय रचना सुचविली होती. आपल्याकडील रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची शिडी आहे. पण अधिसेविका ही वैद्यकीय अधीक्षकांच्या नियंत्रणाखाली असते. शिडी आहे, परंतु ती धोरणाच्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियमाने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्याची तरतूद केली. आयोगाच्या अध्यक्षपदासाठी परिचर्येतील पदव्युत्तर पदवी व किमान २० वर्षांचा अनुभव आवश्यक मानला गेला, ही बाब निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि दोन गोष्टी नोंदविणे भाग आहे. जुन्या परिषदेत राज्य परिषदांतून निवडून येणाऱ्या परिचारिका सदस्य होत्या. नव्या रचनेत नियुक्तीवर अधिक भर आहे. शिवाय या कायद्याचा मुख्य रोख शिक्षण, मूल्यांकन व नोंदणी यांच्या नियमनावर आहे. म्हणजे पुन्हा एकदा सुधारणेने तिच्या परिचित वाटेचाच, शिक्षणाचा, आधार घेतला आहे.

तुलना : अमेरिकेतील अनुभव

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द फ्युचर ऑफ नर्सिंग' या अहवालाशी तुलना येथे उपयुक्त ठरते. २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात, ही त्यातील एक शिफारस. तिला आकडा होता, मुदत होती आणि पाठपुरावा करणारी राष्ट्रीय मोहीमही होती. तरीही पदवीधरांचे प्रमाण २०१० मधील सुमारे ४९ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ५९ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. परिचारिकांना त्यांच्या पूर्ण प्रशिक्षणानुसार काम करू द्यावे, ही शिफारस राज्याराज्यांच्या कायद्यांत अडकून काही ठिकाणी मान्य झाली, काही ठिकाणी रखडली. मोजता येते तेच प्रथम साधले जाते आणि पदवी ही मोजण्यास सर्वांत सोपी असते, हा धडा तेथेही मिळतो. फरक इतकाच की तेथे उद्दिष्ट हुकल्याचे आकड्यांनिशी सांगता आले. आपल्याकडे मुदतच नसल्याने अपयशाची तारीखही नसते.

निष्कर्ष

१. शिक्षण, व्यवहार व नेतृत्व या तीन अंगांपैकी शिक्षणविषयक शिफारशी सर्वाधिक अमलात आल्या. कारण त्यांचा कर्ता निश्चित होता व खर्च बहुतांशी कुटुंबांनी सोसला.

२. व्यवहारविषयक शिफारशींना आवर्ती खर्च लागतो. त्यामुळे संघटित मागणी वा कायद्याचे बंधन नसेल तर त्या निकषाच्या रूपातच राहतात.

३. नेतृत्वविषयक शिफारशी अधिकाराच्या वाटणीची मागणी करतात. म्हणून त्या सर्वांत मागे आहेत.

अधिक शिक्षणातून नेतृत्व आपोआप येईल, असा युक्तिवाद केला जातो. १९४६ पासूनचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही. पदवी वाढली आणि कक्षातील काम व अधिकार तेच राहिले, तर पदवीधर परिचारिका परदेशाची वाट धरते किंवा अध्यापनात जाते. रुग्णाच्या खाटेशेजारची जागा रिकामीच राहते. यापुढील प्रत्येक अहवालाने आपल्या शिफारशीसमोर कर्ता, मुदत व खर्च असे तीन रकाने ठेवावेत. परिचर्या महाविद्यालयांतील अध्यापकांनीही समित्यांचे कोष्टक शिकविताना त्यात 'पुढे काय झाले?' हा एक रकाना वाढवावा. त्यासाठी कोणत्याही समितीच्या शिफारशीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.