आधी हिरडा, मग रंग

झेंडूच्या पाकळ्या, कांद्याची टरफलं, थोडी हळद आणि एक मोठं पातेलं एवढ्या भांडवलावर सध्या शहरांत नैसर्गिक रंगाईचे एकदिवसीय वर्ग भरतात. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी पिवळाधमक रुमाल घेऊन घरी येतो. त्याचा उत्साह खरा असतो. पण या वर्गांत रंग कशातून काढायचा ते हौसेने शिकवतात, तो कापडावर टिकवायचा कसा हे मात्र जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकतात.

हळदीचंच घ्या. वरणाच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो आणि कापड उन्हात वाळत घातलं की उडून जातो, हे घराघरांत ठाऊक आहे. तरीही हळदीत बुडवलेली ओढणी प्रदर्शनात चढ्या भावाने विकली जाते. पळसाची फुलं रंगपंचमीला शोभतात, रोजच्या साडीला नाहीत. बिटाचं तर नावच नको.

रंग कापडाला बांधून ठेवते ती तुरटी. लोकर आणि रेशीम ती सहज धरतात, सुती कापड धरत नाही. म्हणून आधी खळ आणि तेलकटपणा काढायचा, मग हिरड्याच्या पाण्यातून टॅनिन चढवायचं, त्यावर तुरटी, आणि रंग सगळ्यात शेवटी. कच्छच्या खत्री कारागिरांचं अजरख हे ठशांचं कापड पाहिलं की या क्रमाची ताकद कळते. हिरडा दिलेल्या कापडावर गूळ आणि गंजकं लोखंड आंबवून केलेलं पाणी ठशाने लावलं की तेवढी जागा काळी पडते. तुरटीचा लेप लावलेल्या जागी मात्र नुसत्या डोळ्यांना फारसं काही दिसत नाही. मध्ये निळीच्या पिंपातल्या बुचकळ्या होतात. नंतर अख्खं कापड लाल रंगाच्या कढईत उकळलं की नेमकी तुरटीची जागा लालभडक होऊन वर येते. अशी अदृश्य चित्रं काढणारा कारागीर रसायनशास्त्रज्ञच म्हणायला हवा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कच्छमधल्या धमडका गावच्या महंमद सिद्दिक खत्री यांनी ही रंगाई पुन्हा उभी केली. २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या पाण्यातलं लोहाचं प्रमाण वाढलं, रंग मळकट येऊ लागले, आणि अनेक कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गावच वसवलं. पाण्यासाठी गाव हलवणाऱ्यांची ही कला. आणि आपल्या वर्गांत पाणी नळाचं की बोअरचं, हेही कोणी विचारत नाही.

खुद्द कच्छातही पुष्कळ ठिकाणी लाल रंग मंजिष्ठेचा नसतो, कृत्रिम अलिझरिनचा असतो. मंजिष्ठा वर्गातल्या मुळांमधला हा रेणू १८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा कणा मोडला. कृत्रिम रंग वापरण्याला माझा आक्षेप नाही, चिठ्ठीवर 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' छापण्याला आहे. उलट बाजूने, रंग झाडाचा आहे म्हणून सांडपाणी निर्धोक ठरत नाही. छटा खुलवायला मोरचूद किंवा क्रोमियमचे क्षार वापरणारे आहेतच.

महाराष्ट्रात निराळी, रंगारी, भावसार यांची आडनावं उरली, पिंपं गेली. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाची वनस्पतिरंगी खादी हा सुखद अपवाद. हिरडा आपल्या सह्याद्रीत मुबलक आहे, खैराचा कात आहे, डाळिंबाची साल तर सोलापूरकडे फेकली जाते. उणीव आहे ती वर्षभर एका पिंपाशी बसून शिकवणाऱ्या गुरूची आणि तसं शिकायला तयार असलेल्या शिष्याची. निळीचं पिंप जिवंत असतं. त्याचा वास, पृष्ठभागावरची तांबूस साय, कापड बाहेर काढताच दिसणारी पिवळसर हिरवी झाक, हे एका दुपारी कळत नाही.

कापड उद्योग रंगाचा उन्हातला पक्केपणा १ ते ८ आणि धुण्यातला १ ते ५ अशा मापांनी जोखतो. एवढी साधनं हौशी माणसाकडे नसली तरी चालेल. वर्गात नाव घालण्याआधी शिक्षकाकडे एकच मागणी करा: अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवलेली आणि साबणाने धुतलेली रंगीत पट्टी दाखवा. ती नसेल, तर पैसे भरू नका.